क्लिपवाला ग्रो लाइट सोलापुरातल्या घरात घ्यावा का? माझ्याकडून साडेतीन स्टार

साडेतीन स्टार. एक कापलाय तो लाइट गेली की टायमर गंडतो म्हणून, आणि अर्धा कापलाय बॉक्सवर छापलेल्या ८० वॉटच्या थापेसाठी. बाकी वस्तू कामाची आहे. पण सोलापुरात राहणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची नाही आणि नेमकं तेच रिव्ह्यूमध्ये कुणी लिहित नाही, सगळे "मस्त प्रॉडक्ट, प्लांट एकदम खूश" लिहून मोकळे होतात, फोटोत बघावं तर झाड अजून नर्सरीच्या काळ्या पिशवीत, परवाच आणलेलं, ते खूश असणारच की. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, वेळ असेल तर वाचा.

वस्तू म्हणजे घरातल्या झाडांना उजेड द्यायचा दोन डोक्यांचा एलईडी दिवा. टेबलाच्या कडेला चिमटा लावायचा, त्यातून दोन लवचिक माना निघतात त्या पाहिजे तशा वाकवायच्या, वायरच्या मध्ये एक छोटी डबी त्यावर तीन बटणं, एक चालू-बंदचं आणि टायमरचं, एक रंगाचं, एक प्रकाश कमी-जास्त करायचं. वायरच्या टोकाला यूएसबी पिन, चार्जर बॉक्समध्ये येत नाही, घरातला मोबाइलचा वापरायचा. हजाराच्या आत मिळतो, सेल असला तर आणखी खाली येतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण हाच दिवा वेगवेगळ्या नावांनी विकतात, डबी तीच, बटणं तीच, फक्त स्टिकर वेगळा.

आता पहिला प्रश्न, जो आमच्या घरी सगळ्यात आधी सासूबाईंनी विचारला, "सोलापुरात राहून झाडाला ऊन विकत घेताय होय?" बरोबर आहे त्यांचं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, गच्चीवर वाळवण घातलं तर दुपारपर्यंत कडकडीत होतं, असल्या गावात झाडाला प्रकाश कमी पडतो म्हटलं तर कुणीही हसेल. पण घरात येऊन बघा. मार्च संपला की आपण सकाळी नऊ-साडेनऊलाच खिडक्या लावून घेतो, जाड पडदे ओढतो, कूलर असेल तेवढीच फट ठेवतो, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर परत उघडतो. म्हणजे बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत हॉलमध्ये पेपर वाचायला ट्यूब लावावी लागते. घराबाहेर ठेवलं की झाड भाजतं, आत ठेवलं की उपाशी मरतं. सावलीतल्या झाडांची सोलापुरात ही खरी अडचण आहे, आणि हा दिवा फक्त दुसऱ्या अर्ध्या अडचणीवर इलाज आहे.

माझ्याकडे कॅलाथिया आहे, ती मोठ्या गोल पानांची, पानावर चंदेरी पट्टे असतात ती ऑर्बिफोलिया. नर्सरीत कधी लेबलवर गोपर्टिया लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी कॅलाथियातल्या बऱ्याच जाती उचलून त्या नावाखाली टाकल्या, दुकानदार मात्र कॅलाथियाच म्हणतात. हे कुटुंब म्हणजे आपल्या आरारूटचं कुटुंब, उपासाला खीर करतो ते आरारूट. माझं हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातलं, मोठ्या झाडांच्या खाली वाढणारं, वरून पानांतून गाळून येईल तेवढ्या उजेडावर जगणारं. नर्सरीवाल्याने विकताना सांगितलं, "मॅडम सावलीतलं झाड आहे, कुठेही ठेवा." आता नर्सरीतली सावली म्हणजे हिरव्या जाळीखालची सावली, तिथे डोक्यावर अख्खं आकाश असतं. आपल्या हॉलमधला टीव्हीशेजारचा कोपरा म्हणजे सावली नव्हे, अंधार आहे तो. आपल्या डोळ्यांना कळत नाही कारण डोळे लगेच जुळवून घेतात.

म्हणून मोजलं. मोबाइलवर लक्स मीटरची फुकट ॲप्स मिळतात, लक्स म्हणजे उजेडाचं माप. फोनचा प्रकाश मोजणारा सेन्सर पुढच्या बाजूला, सेल्फी कॅमेऱ्याच्या जवळपास असतो, तेव्हा फोन पानाच्या शेजारी धरून स्क्रीन उजेडाकडे करायची, मागची बाजू नाही. फोनगणिक आकडा थोडा इकडे तिकडे होतो पण घरातल्या घरात तुलना करायला एकदम चालतं. आमच्या गच्चीवर दुपारच्या उन्हात लाखाच्या आसपास जातो. पडदा लावलेल्या हॉलच्या कोपऱ्यात पन्नाससुद्धा नाही. लाख आणि पन्नास! कमी उजेडात तगणारी म्हणून जी झाडं विकतात, झीझी, स्नेक प्लांट, अग्लोनेमा, त्यांनासुद्धा निदान तीनशे ते हजार लक्स लागतात आणि कॅलाथिया, पीस लिली नीट वाढायला हजार ते पाच हजारांच्या मधे कुठेतरी पाहिजे. पन्नास लक्सवर झाड लगेच मरत नाही हीच फसवणूक आहे, साठवलेल्यावर चालवून घेतं, नवीन पान छोटं येतं, देठ लांबुडके होऊन खिडकीकडे माना टाकतात, पट्टे पुसट होतात, आणि आपण म्हणतो खत कमी पडलं वाटतं. वर कुंडीतली माती वाळतच नाही कारण उजेड नाही म्हणून झाड पाणी ओढत नाही, आणि आपण ठरल्यासारखं दर दोन दिवसांनी ओतत राहतो, मग मुळं कुजतात. पाण्याने मेलं म्हणतात लोक, बऱ्याचदा ते अंधाराने मेलेलं असतं.

आता दिव्याचा मेन मुद्दा. पांढऱ्या मोडवर, फुल ब्राइटनेस, पानापासून एक फूट अंतरावर, माझ्या फोनवर अडीच-पावणेतीन हजार लक्स दाखवतो. कॅलाथियाला मस्त झालं. पण तोच दिवा दोन फुटांवर नेला की सातशेच्या आसपास येतो आणि तीन फुटांवर तीनशे. अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, पाव होतो, शाळेत शिकलेलं आहे हे पण तेव्हा कुठे उपयोगी पडेल वाटलं होतं. हे लिहायचं कारण असं की बॉक्सवर चित्रात अख्खा रॅक भरून दहा-बारा कुंड्या दाखवल्यात आणि दिवा वरती ऐटीत उभा. तसं काही होत नाही. एका डोक्याखाली एक मोठी कुंडी किंवा दोन छोट्या, म्हणजे दोन डोक्यांत फार तर चार छोटी झाडं. चार फुटांवरून फेकलेला उजेड तुमच्यासाठी डेकोरेशन आहे, झाडासाठी नाही.

उलट टोकही सांगते. मुद्दाम एका डोक्याची मान वाकवून पानापासून चार-पाच बोटांवर आणून ठेवली, बघू काय होतं म्हणून. दिवा हाताला फक्त कोमट लागतो, ट्यूबसारखाच, तरी त्या पानाच्या दोन्ही कडा दुपारपर्यंत वर वळून पन्हळ झाली. जास्त उजेड झाला की कॅलाथिया असंच करते, पान गुंडाळून अंग चोरते. परत फूटभर वर केल्यावर पान हळूहळू सपाट झालं. तेच उन्हाने झालं असतं तर पानावर पांढरट-तपकिरी कागदी डाग पडले असते आणि ते डाग काही जात नाहीत, ते पान कापावंच लागतं. तेवढा फायदा आहे दिव्याचा, चूक सुधारायला वेळ देतो.

८० वॉटबद्दल. दिव्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय, ५ व्होल्ट, २ अँपिअर. पाचाला दोनाने गुणा. दहा वॉट. मोबाइलच्या चार्जरवर चालणारी यूएसबी वस्तू ८० वॉट ओढणार कुठून, चार्जर वितळेल की. काही कंपन्या आतल्या एलईडींची कमाल क्षमता जोडून आकडा छापतात, काही सरळ मनाला येईल ते छापतात. विकणाऱ्याला चॅटवर विचारलं तर "८० वॉट इक्विव्हॅलंट मॅम" असं उत्तर आलं, कशाच्या इक्विव्हॅलंट ते काही आलं नाही. बरं दहा वॉट असणं ही वाईट गोष्ट नाही, उलट बिलाच्या दृष्टीने बरंच आहे, रोज बारा तास लावला तरी महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट होतात म्हणजे महावितरणचं बिल फारसं वाढणार नाही. मग खरं लिहायला काय होतंय? अजून एक, जुना एक अँपिअरचा चार्जर लावू नका, एकतर दिवा मिणमिणतो नाहीतर चार्जर तापतो. दोन अँपिअरचा लावा.

रंगाचं बटण. तीन मोड आहेत, पांढरा, लाल-निळा मिळून तो जांभळा, आणि दोन्ही एकत्र. जांभळ्याचं लॉजिक असं सांगतात की पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं. खरं आहे ते, पण हिरवा प्रकाश वाया जातो हे अर्धवट आहे, तो पानाच्या आतल्या थरांपर्यंत पोचतो आणि तिथे वापरला जातो. पांढऱ्या उजेडात सगळंच असतं. आणि जांभळ्या उजेडात झाड कसं आहे तेच दिसत नाही, पान पिवळं पडलंय का कीड लागलीय काही कळत नाही, सगळंच काळपट. त्यात आमचा हॉल रस्त्याच्या बाजूला, पहिला मजला, संध्याकाळी खालून जाणारे वर बघायला लागले, शेजारच्या काकूंनी शेवटी विचारलंच, "डीजे आणलाय का गं घरात?" मी पांढराच वापरते. जांभळ्या मोडवर ॲपमध्ये लक्स एकदम खाली आलेले दिसतील, त्यावरून दिवा बिघडला समजू नका, लक्स हे माप माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने आहे, लाल-निळ्याला ते कमी मार्क देतं.

आता ज्याच्यासाठी अख्खा स्टार कापला ते. टायमर तीन, नऊ आणि बारा तासांचा आहे. बारा लावला की बारा तास चालू, मग बंद, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आपोआप चालू. कल्पना चांगली. पण मधे लाइट गेली की डबी सगळं विसरते, आणि लाइट आल्यावर दिवा लागतच नाही, परत बटण दाबावं लागतं आणि जेव्हा दाबाल तिथून बारा तास मोजायला लागते. आता उन्हाळ्यात दुपारी किंवा वळवाचा पाऊस आला की लाइट जाणार हे ठरलेलंच. संध्याकाळी पाचला परत लावला तर तो पहाटे पाचपर्यंत जळणार. कॅलाथियाला रात्र पाहिजे. ही झाडं रात्री पानं वर उचलून मिटतात आणि सकाळी खाली पसरतात, देठ जिथे पानाला मिळतो तिथे एक फुगीर सांधा असतो त्यात पाणी भरून-सोडून ही हालचाल होते, बघायला फार छान वाटतं, आमच्या पोराला तर रात्री जेवण झाल्यावर "मिटली का" बघायचा नादच लागलाय. रात्रभर दिवा चालू राहिला की हे वेळापत्रक बिघडतं. मी आता टायमर सोडून दिलाय, सकाळी देवपूजेच्या वेळी बटण दाबते, रात्री जेवणाची ताटं उचलल्यावर बंद. बाजारात सॉकेटला लावायचे यांत्रिक टायमर मिळतात, त्याचा इथे उपयोग नाही कारण करंट आला तरी डबीचं बटण दाबल्याशिवाय हा दिवा लागत नाही. पॉवर बँकवर चालतो पण दहा वॉटला पॉवर बँक काही तासांतच टेकते, आणि लाइट गेल्यावर पॉवर बँक झाडाला द्यायची का मोबाइलला, यावर घरात मतदान घ्यावं लागेल.

फरक पडला का? पडला. कॅलाथियाची नवीन पानं आधी गुंडाळी उलगडताना मधेच अडकायची आणि जुन्या पानापेक्षा लहान निघायची, दिव्याखाली आलेली पानं रुंद आली आणि पट्टे ठसठशीत. झाड खिडकीकडे झुकलं होतं ते आता सरळ वर वाढतंय, अधूनमधून कुंडी पाव फिरवते तेवढंच. सिंगोनियम सुसाट सुटलंय. पीस लिलीची पानं चकचकीत झाली पण फूल काही आलं नाही, फुलाला तिला याहून जास्त उजेड लागतो, या दिव्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. झीझीला काहीच फरक नाही, ना आनंद ना दुःख, ते मातीखाली बटाट्यासारखे कंद ठेवून बसलेलं असतं, त्याच्यासाठी पैसे घालवू नका.

पण थांबा, कार्टमध्ये टाकायच्या आधी घरातल्या खिडक्या बघा. मला विचाराल तर सोलापुरातल्या निम्म्या घरांना हा दिवा लागणारच नाही, खिडकी आणि पडदा नीट वापरला तर काम होतं. नेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की सावलीतलं झाड उत्तरेच्या खिडकीत ठेवा, तिथे थेट ऊन येत नाही. ते लिहिणारे लोक आपल्यापेक्षा खूप उत्तरेकडच्या देशांतले. सोलापूर साडेसतराच्या थोडं वर, १७.७ अक्षांशाला आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, उभ्या काठीची सावली पडत नाही. त्यानंतर तो उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परत डोक्यावरून दक्षिणेला जातो. म्हणजे मधले जवळजवळ तीन महिने ऊन उत्तरेच्या बाजूने येतं. दुपारी छज्जा अडवतो पण सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून सरळ आत येतं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेची, जूनमध्ये सकाळी ओट्यावर उन्हाचा पट्टा पडतो आणि तिथे ठेवलेला मनी प्लांट एका बाजूने पिवळा पडतो. उलट डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला इतका कललेला असतो की भर दुपारी दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार सोफ्यापर्यंत येतं, गड्ड्याची जत्रा भरते तेव्हा आमच्या हॉलमध्ये दुपारी दिवा बंदच असतो, गरजच नसते, फक्त कुंडी खिडकीपासून जरा लांब ओढते. तेव्हा "आमची खिडकी उत्तरेची आहे" एवढ्यावर काही ठरत नाही, महिना कुठला ते सांगा.

पूर्वेची खिडकी सगळ्यात सोयीची, कोवळं ऊन तासभर आलं तरी चालतं, पण मेमध्ये आठ वाजताचं ऊनसुद्धा कोवळं नसतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. पश्चिमेची खिडकी विसरा. काच तापते, काचेला टेकलेलं पान भाजतं. तिथे ठेवायचंच असेल तर खिडकीपासून चार-पाच फूट आत आणि मधे पांढरा पातळ पडदा. पडदा म्हणजे खरंच पातळ, पांढरं मलमल किंवा जुन्या धोतराचं कापड, ज्यातून पलीकडचा हात अंधुक दिसला पाहिजे. आपल्याकडे खिडकीला चादर बांधायची सवय आहे, सोलापुरी चादर एक नंबर वस्तू आहे पण ती थंडीत अंगावर घ्यायला, खिडकीला टांगली की उजेड संपलाच. आम्ही दक्षिणेच्या खिडकीला दोन पडदे केलेत, एक जाड आणि एक पांढरा पातळ, सकाळी अकरापर्यंत पातळच ठेवायचा आणि मग जाड ओढायचा, एवढ्यानेसुद्धा खिडकीजवळच्या कुंडीला रोजचे दोन-तीन तास चांगला उजेड मिळतो.

ॲप नको असेल तर हाताने बघा. कुंडी ठेवायची त्या जागी पांढरा कागद ठेवायचा आणि फूटभर वर हात धरायचा. सावली काळी कुळकुळीत, बोटं मोजता आली तर कॅलाथियासाठी उजेड जास्त आहे. सावली पुसट, कडा विरलेल्या पण हात आहे एवढं कळतंय, तर जागा बरोबर. सावलीच दिसत नसेल तर मग दिव्याचा विचार करा.

बाल्कनीवाल्यांसाठी वेगळं. हिरवी शेडनेट मीटरवर मिळते, शेतीचं सामान विकणाऱ्या दुकानात घ्या, शोभेच्या दुकानात तीच दुप्पट भावाने देतात. जाळीवर ५०, ७५, ९० असे टक्के असतात, ते किती ऊन अडवलं त्याचे टक्के, किती आत येतं त्याचे नव्हेत. दुकानदाराने मला ५० टक्केवाली दाखवून "सगळे हीच नेतात" म्हटलं, नेत असतील, त्यांना रोपवाटिकेसाठी पाहिजे असते. आपल्या जिल्ह्याचं पीक म्हणजे डाळिंब, त्याला अख्खं ऊन सोसतं. कॅलाथियाचं गणित वेगळं. लाख लक्सवर ७५ टक्क्यांची जाळी टाकली तरी पंचवीस हजार उरतात, ९० टक्क्यांच्या जाळीने दहा हजार, आणि तेही बाल्कनीत छताच्या आतल्या भागात ठेवलं तर कुठे पाच हजारांपर्यंत येतं. त्यामुळे ९० टक्केवालीच घ्या. आणि जाळीने ऊन अडतं, गरम वारा अडत नाही. मेमधल्या दुपारच्या झळा कॅलाथियाला सहन होत नाहीत, मार्च ते जून ती आत, पाऊस सुरू झाला की बाहेर, असं आमच्याकडे चालतं. म्हणजे दिवा वर्षातले चार महिने धरा. त्या हिशोबाने पैसे वसूल आहेत का ते तुमचं तुम्ही ठरवा, मला वाटले.

आणि एक गैरसमज, खाली कमेंट वाचल्यात मी, लोक एक स्टार देऊन लिहितात की दिवा लावूनसुद्धा पानांच्या कडा तपकिरी झाल्या. अहो त्या कडा उजेडाने नाही जळत. कोरडी हवा आणि क्षारांचं पाणी. नळाला पाणी रोज येत नाही म्हणून बोअरचं पाणी घालतो आपण, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो ते पाणी, तेच पानाच्या टोकाला जाऊन बसतं. त्यावर कहर म्हणजे आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची पद्धत, बाकी झाडांना चालत असेल पण त्या पाण्यात क्षार आणखी वाढलेले असतात, कॅलाथियाला ते नको. आरओचं प्यायचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं घाला, वाटीभरच लागतं. कूलर चालू असलेल्या खोलीत हवा ओलसर राहते ते तिला आवडतं, फक्त कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं पुसा, आपल्याकडे एवढी धूळ आहे की दोन आठवड्यांत पानावर बोटाने नाव लिहिता येतं, त्या थराखाली दिवा काय करणार.

शेवटी क्लिपबद्दल आणि पर्यायाबद्दल, मग संपलं. चिमट्याच्या आतलं रबर उन्हाळ्यात चिकट होऊन निघून आलं, आता तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातलाय, पकड आधीपेक्षा बरी बसते. जाड कडेच्या टेबलाला हा चिमटा लागत नाही, दीड-दोन इंचांपर्यंतच उघडतो, आधी पट्टीने मोजून घ्या. आणि ज्यांच्या एरियात लाइट वरचेवर जाते त्यांनी हा क्लिपवाला घेऊच नका, साधा ग्रो बल्ब घ्या, बटण-डबी काही नसलेला, होल्डरला लावायचा आणि भिंतीवरच्या स्विचने चालू-बंद करायचा, त्याला यांत्रिक टायमरही चालतो आणि लाइट आली की आपोआप परत लागतो. फक्त घेताना खालचं टोक बघा, बरेचसे ग्रो बल्ब आटेवाले येतात आणि आपल्या घरातले होल्डर दोन पिनांचे असतात, नवी पेठेत इलेक्ट्रिकच्या दुकानात कन्व्हर्टर मागितला की देतात, किरकोळ किंमत आहे. तोही नको असेल तर साधा पांढरा नऊ वॉटचा एलईडी बल्ब टेबल लॅम्पमध्ये घालून फूटभरावर ठेवलात तरी सावलीतल्या झाडाचं भागतं, मी सिंगोनियमचं दुसरं रोप तसंच वाढवतेय आणि या दिव्याखालच्यापेक्षा ते काही मागे नाही.